प्रश्नावलीतही जोखीम असते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की वर्तमानपत्रांतून पाहण्यांच्या बातम्या येऊ लागतात. शहरातल्या इतक्या टक्के मुलांना ताण, इतक्या टक्के मुलींना झोप लागत नाही. आकडे ठळक छापले जातात, सोबत एखाद्या प्राध्यापकांचा फोटो असतो. ही मुलं कोण होती, त्यांना कुठे बसवून विचारलं, त्यांनी स्वतः हो म्हटलं होतं का, आणि 'जगावंसं वाटत नाही' या अर्थाच्या ओळीसमोर ज्याने खूण केली त्याचं पुढे काय झालं, यातलं काहीच बातमीत नसतं. त्याबद्दल मला लिहायचं आहे. पत्र लांबलं आहे, पण शक्य तर कापू नये अशी विनंती.

मी बँकेतून निवृत्त झाले आणि आता इंदूरमधल्या एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून बसते. माणसांवर होणाऱ्या आरोग्यविषयक संशोधनाचा प्रस्ताव काम सुरू होण्याआधी अशा कमिटीपुढे यावा लागतो. कमिटीत डॉक्टर असतात, कायद्याचा जाणकार असतो, समाजशास्त्राचं कोणीतरी असतं, आणि या कशातलाच नसलेला एक साधा माणूसही लागतो. ती जागा माझी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अध्यक्ष संस्थेबाहेरचाच हवा आणि निम्मे सदस्यही बाहेरचे हवेत. बैठकीतलं बाहेर बोलणार नाही अशा कागदावर मी सही केलेली आहे, तेव्हा कोणाचा प्रस्ताव ओळखू येईल असं या पत्रात काही नाही.

प्रस्तावाच्या फॉर्मवर जोखमीचा एक रकाना असतो. आयसीएमआरने जोखमीच्या चार पायऱ्या केल्या आहेत. सगळ्यांत खालची म्हणजे किमान जोखमीपेक्षाही कमी. कोणाला काही त्रास होईल अशी शक्यताच जिथे नाही ते काम, उदाहरणार्थ आधीच प्रसिद्ध झालेली किंवा नावगाव काढून टाकलेली माहिती तपासणं. दुसरी किमान जोखीम, म्हणजे रोजच्या जगण्यात किंवा नेहमीच्या तपासणीत होतो तेवढाच त्रास. नेहमीची विचारपूस, छातीचा एक्स-रे, लघवीचा नमुना हे सगळं तिथे येतं. तिसरी किमानपेक्षा थोडी अधिक. चौथी मोठी जोखीम, तिथे औषधं, उपकरणं, शरीरात सुई किंवा नळी घालून केलेले प्रकार. मानसशास्त्राचे, समुपदेशनाचे, नर्सिंगचे विद्यार्थी जे प्रस्ताव घेऊन येतात त्यांत बहुतेक वेळा पहिल्या चौकोनात खूण केलेली असते. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, फक्त प्रश्नावली आहे. सुई नाही, औषध नाही."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

तिसऱ्या पायरीखाली जी उदाहरणं दिली आहेत ती कोणी वाचत नाही असं माझं मत झालं आहे. लहान आणि किशोरवयीन मुलांवरचं नेहमीचं संशोधन तिथे आहे. स्वतःहून संमती देऊ न शकणाऱ्या माणसांवरचं संशोधन तिथे आहे. माणूस ओळखू येईल अशी माहिती वापरली तर त्यातूनही जोखीम येते असं तिथे म्हटलं आहे, आणि समाजात होणारा त्रास, मानसिक इजा, अस्वस्थता हेही या पायरीत येऊ शकतं असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे अकरावीच्या वर्गात नैराश्याची प्रश्नावली वाटायला निघालेला विद्यार्थी दोन पायऱ्या खाली खूण करून मोकळा होतो, आणि त्याखाली गाईडची सही असते.

ही नुसती कागदावरची चूक नाही. कुठल्या पायरीवर खूण आहे त्यावरून तो प्रस्ताव किती बारकाईने तपासला जाणार हे ठरतं. खालच्या पायरीला तपासणीतून सूट मिळू शकते, दुसऱ्या पायरीचं काम दोन-तीन सदस्य आपसांत पाहून मोकळं करू शकतात, आणि त्यावरचं सगळं पूर्ण कमिटीसमोर बसून चर्चेला येतं. सूट मिळते की नाही हे संशोधकाने ठरवायचंच नसतं, ते कमिटीचं काम. प्रत्यक्षात विद्यार्थी आणि गाईड मिळून ठरवतात आणि कित्येकदा कागद कमिटीपर्यंत पोचतच नाही.

नैराश्य मोजायला पीएचक्यू-नाइन नावाची प्रश्नावली सर्रास वापरतात. नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. कामात रस वाटतो का, झोप कशी आहे, भूक, थकवा, लक्ष लागतं का. नववा प्रश्न असा की मेलेलं बरं किंवा स्वतःला काही इजा करावी असे विचार मनात येतात का. उत्तरं चार: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. प्रश्नावलीत खोट नाही. दवाखान्यात हीच भरून घेतात तेव्हा नवव्या प्रश्नापुढे 'अजिबात नाही' सोडून दुसरं काही दिसलं की डॉक्टरांनी त्या माणसाला तिथेच बसवून पुढचं विचारायचं असतं.

आता हाच कागद शाळेत कसा भरून घेतात ते सांगते. माझ्या भाचीचा मुलगा शहरातल्या एका शाळेत अकरावीला आहे. एका तासाला वर्गशिक्षिकेबरोबर बाहेरच्या कॉलेजची एक विद्यार्थिनी आली. कागद वाटले. वर नाव, रोल नंबर, तुकडी, वडिलांचा व्यवसाय. वीस मिनिटांत भरा, कोणी कोणाचं बघायचं नाही. शिक्षिका बाकांच्या मधून फिरत होत्या. वेळ संपल्यावर, शाळेत सगळेच कागद गोळा होतात तसे हेही मागच्या बाकावरून पुढे सरकत आले. प्रत्येक रांगेत पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात त्या रांगेतल्या सगळ्यांचे कागद, वर नाव आणि तळाशी नववा प्रश्न. मॉनिटरने गठ्ठा लावता लावता चाळला. मधल्या सुट्टीपर्यंत कोणी कुठे खूण केली ते वर्गाला ठाऊक झालं होतं. आमच्या मुलाने 'काही दिवस' वर खूण केली होती. "क्या हीरो, कब मर रहा है?" असं दोन पोरं त्याला पुढे कितीतरी दिवस विचारत राहिली.

घरी त्याने यातलं काही सांगितलं नाही. शाळेत जायला टाळाटाळ करू लागला तेव्हा भाचीने खोदून विचारलं, मग सगळं बाहेर आलं. ती विद्यार्थिनी पुन्हा शाळेत आली नव्हती. शाळेतून कोणाचा फोन आला नव्हता. भाची चौकशीला गेली तेव्हा कळलं की परवानगी प्राचार्यांनी दिली होती. पालकांना चिठ्ठी का पाठवली नाही, असं विचारल्यावर "सिर्फ सर्वे था" एवढंच उत्तर. कमिटीची मान्यता विचारली तर त्या कॉलेजात कमिटीच नव्हती. पोराने खरं उत्तर दिलं म्हणून त्याला वर्गात टोमणे खावे लागले, आणि ज्यांनी ते उत्तर मागून घेतलं त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या खुणांची बेरीज मात्र कुठल्यातरी प्रबंधाच्या तक्त्यात गेली असणार.

काही पालक यावर म्हणतील की मग असले प्रश्न मुलांना विचारूच नका, नको ते विचार त्यांच्या डोक्यात भरतात. हे मला पटत नाही, आणि ते खरंही नाही. आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार मनात नव्याने रुजतो का, याचा संशोधकांनी बराच शोध घेतला आहे आणि तसं आढळलेलं नाही. उलट कोणीतरी विचारलं याने कित्येकांना हलकं वाटतं. विचारायलाच हवं. आपल्या भंवरकुवा भागात निमाडातून, झाबुआ-अलीराजपूरकडून आलेली, खोल्या घेऊन एकटी राहणारी कोचिंगची मुलं आहेत. त्यांच्या मनाची अवस्था कोणी अभ्यासलीच नाही तर त्यांच्यासाठी काही होणारही नाही. धोका प्रश्नात नसतो. तो कोणासमोर विचारता, कागद कोणाच्या हातातून जातो आणि उत्तर आल्यावर तुम्ही तिथे असता की नाही, यात असतो. म्हणून एकच प्रश्नावली दवाखान्यात किमान जोखमीची आणि शाळेच्या वर्गात त्याहून वरच्या पायरीची ठरू शकते.

इथे एक खरी अडचण आहे आणि कमिटीत आमचा सगळ्यांत जास्त वेळ तिच्यावर जातो. कागदावर नाव नको म्हटलं तर मुलं मोकळेपणाने लिहितात, गुप्तताही राहते. पण मग नवव्या प्रश्नापुढे 'जवळजवळ रोज' अशी खूण आली तर ते मूल शोधायचं कसं? तीनशे बिननावाच्या कागदांत एक कागद ओरडतो आहे आणि तो कोणाचा हे कोणालाच माहीत नाही, अशी स्थिती होते. नाव लिहायला लावलं तर मुलं खरं लिहीत नाहीत, आणि आमच्या मुलाचं झालं तसं होतं. यावर सरसकट उत्तर नाही. मला आजवर सगळ्यांत पटलेला मार्ग असा: कागदावर नाव नसून फक्त क्रमांक असावा. कुठला क्रमांक कोणाचा ही यादी शाळेच्या समुपदेशकाकडे बंद पाकिटात राहावी, संशोधकाला ती दिसू नये. संशोधकाने त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, सगळ्या कागदांवरचा नववा प्रश्न तपासावा आणि ज्या क्रमांकांची काळजी वाटते ते समुपदेशकाला कळवावेत. समुपदेशकाने त्या मुलांशी दुसऱ्या कुठल्यातरी निमित्ताने एकटं बोलावं. आणि हे सगळं मुलांना आधी सांगावं: तुझं उत्तर कोणाला कळणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर एका माणसाला सांगू, त्यांचं नाव हे. हे वाक्य गाळून 'सर्व माहिती पूर्णपणे गुप्त राहील' असं छापणारे संमतीपत्र मी नेहमी परत पाठवायला लावते, कारण ते वचन पाळता येण्यासारखं नसतं.

कागद गोळा करायची पद्धतही साधी आहे. प्रत्येकाने आपला कागद आपल्या हाताने घडी करून पेटीत टाकायचा. ज्याला भरायचा नाही त्यानेही कोराच घडी करून टाकायचा, म्हणजे कोणी नाही म्हटलं ते कोणाला कळत नाही. शिक्षकांनी वर्गाबाहेर थांबायचं. शनिवारी शेवटच्या तासाला असलं काही घ्यायचं नाही, कारण मग मूल रविवारभर एकटं राहतं. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही तेच. घरगुती मारहाणीवर अभ्यास करणाऱ्या मुली वस्त्यांमध्ये जाऊन बायकांच्या मुलाखती घेतात. प्रश्न छापील, ठरलेले. पण खोली एकच, सासू चुलीशी बसलेली आणि नवरा केव्हाही दारात येईल. त्या बाईने दिलेल्या उत्तराची किंमत रात्री तिलाच मोजावी लागू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने अशा अभ्यासांसाठी २००१ साली सुरक्षेच्या सूचना काढल्या. मुलाखत एकांतातच घ्यावी. घरात आणि वस्तीत हा हिंसाचाराचा अभ्यास आहे असं जाहीर करू नये. मध्येच कोणी आलं तर विषय बदलता येईल असं शिक्षण मुलाखत घेणाऱ्यांना द्यावं. मग पोरांच्या लसींचे, पाण्याचे चार प्रश्न हाताशी ठेवायचे आणि कोणी आलं की त्यावर जायचं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची हकिकत सांगता सांगता समोरची बाई रडायला लागली तर काय करायचं, हे त्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीलाही कोणीतरी शिकवलेलं असावं लागतं. तिच्या मनावर येणारा ताण हीसुद्धा संशोधनातली जोखीमच आहे, आणि फॉर्मवर तिचा उल्लेख मला फार क्वचित सापडतो.

नुसत्या बोलण्याने काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला १९३९ सालचा प्रयोग वाचावा. वेंडेल जॉन्सन हे वाणीदोषांचे अभ्यासक स्वतः तोतरे होते. मुलाला तोतरं म्हटल्यानेच तोतरेपणा वाढतो असं त्यांना वाटे. ते तपासायला त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर हिने पदव्युत्तर प्रबंधासाठी अनाथालयातली २२ मुलं निवडली. त्यांतल्या चांगलं बोलणाऱ्या काही मुलांना ती सांगत राहिली की तुझं बोलणं अडखळतं, नीट बोलता येत नसेल तर गप्प बस. सुई नव्हती, औषध नव्हतं. ती मुलं बोलायला घाबरू लागली, वर्गात तोंड उघडेनाशी झाली. ट्यूडर नंतर त्यांना सावरायला परत गेली होती, पण झालेलं सगळं पुसलं गेलं नाही. विद्यापीठाने २००१ साली जाहीर माफी मागितली आणि २००७ साली आयोवा राज्याने त्या मुलांपैकी हयात असलेल्यांना आणि मृतांच्या वारसांना मिळून ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई दिली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.

मला या गोष्टीतलं सगळ्यांत जास्त काय लागतं तर तो एका विद्यार्थिनीचा प्रबंध होता. कोणा खलनायकाचं ते काम नव्हतं. आपल्याकडेही मुलांना खोटे गुण सांगून त्यांच्या आत्मविश्वासावर काय परिणाम होतो ते पाहायचं, अशी कल्पना विद्यार्थ्यांना सुचते, कारण पाठ्यपुस्तकांत तसले प्रयोग असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातल्या १९६१ च्या प्रयोगात माणसांना सांगितलं जाई की समोरच्याचं उत्तर चुकलं की खटका दाबून त्याला विजेचा झटका द्या. प्रत्यक्षात झटका कोणालाच बसत नव्हता. पण आपण समोरच्याला झटके देतो आहोत असं समजून माणसं घामाघूम झाली, थरथरली. पहिल्या ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या खटक्यापर्यंत गेले आणि आपण असं वागू शकतो हे ज्ञान घेऊन घरी परतले. माणसाला खोटं सांगून करायचं संशोधन आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार पूर्ण कमिटीपुढेच यावं लागतं, आणि काम झाल्यावर सहभागी माणसाला समोर बसवून खरं काय ते सांगावं लागतं. बुद्धिमत्ता चाचणीत तू नापास, असं दहावीच्या मुलीला सोमवारी सांगायचं आणि खुलासा प्रबंध जमा झाल्यावर करायचा, हे चालणार नाही.

संमतीबद्दलही बोललं पाहिजे. प्राचार्यांची परवानगी म्हणजे फक्त शाळेच्या फाटकातून आत येण्याची मुभा. संमती मुलाच्या पालकांची लागते. सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःचीही तयारी विचारावी लागते, बारा वर्षांपर्यंत तोंडी आणि त्यापुढे लेखी. बँकेत जामीनदार कर्जाचे कागद न वाचताच सही करतो, कारण समोर मेहुणा उभा असतो. वर्गातल्या मुलासमोर तर त्याला गुण देणाऱ्या बाई उभ्या असतात. बी.ए.च्या वर्गातही हेच चालतं. प्राध्यापकांना सॅम्पल हवं असतं, विद्यार्थ्यांना इंटर्नल मार्कांची भीती असते, मग नाही कोण म्हणणार? हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्मची लिंक येते. पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की तुम्ही कोणत्याही प्रश्नाचं उत्तर टाळू शकता, आणि खाली प्रत्येक प्रश्नावर लाल फुली, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. दिलेला हक्क त्याच पानावर काढून घेतलेला. बरेचदा ईमेलही आपोआप गोळा होतो आणि वर 'निनावी सर्वेक्षण' असं शीर्षक असतं.

दुसऱ्याने मुलांच्या वतीने सही करण्याचा प्रकार देशाने एकदा पाहिला आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या वसतिगृहांतल्या कित्येक आदिवासी मुलींच्या फॉर्मवर वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते असं चौकशीत म्हटलं गेलं, पण संमतीतल्या त्रुटींवर संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. आज हॉस्टेलच्या मालकाला विचारून कोचिंगच्या पोरांकडून ताणाची प्रश्नावली भरून घेणाऱ्यांनी तो अहवाल वाचायला हवा.

आणि इंदूरकरांना तर हे नव्याने सांगायला नको. औषधचाचण्यांचा विषय देशभर गाजला त्यात आपलं शहर पुढे होतं. इथल्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने चाचणीत घेतल्या जाणाऱ्या माणसाची संमती दृकश्राव्य स्वरूपात नोंदवण्याचा आदेश दिला. तेव्हा चहाच्या टपरीवरही संमती या विषयावर लोक बोलत होते. त्यात गोळ्या होत्या, रुग्णालयं होती, म्हणून धोका डोळ्यांना दिसला. मनावर होणाऱ्या संशोधनाबाबत तेवढी जाग अजून आलेली नाही, आणि नियमांतही इथे एक फट आहे. आयसीएमआरची तत्त्वं आणि २०१९ चे नवे औषध नियम आरोग्यविषयक संशोधनाबद्दल बोलतात. वैद्यकीय महाविद्यालयांत म्हणून कमिट्या आहेत, नोंदणी आहे. कला शाखेच्या मानसशास्त्र विभागाला वाटतं की आपण काही आरोग्य संशोधन करत नाही. पण नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार, व्यसन हे आरोग्य नाही तर काय आहे? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९९ तर मानसिक आजार असलेल्या माणसाची नुसती मुलाखत घ्यायची झाली तरी त्याची मोकळी, समजून दिलेली संमती मागतं. मानसिक रुग्णालयात केस स्टडीला जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे कलम शिकवलं जातं, हे त्यांच्या विभागांनीच सांगावं.

प्राध्यापकांची तक्रार मला माहीत आहे आणि तिच्यात तथ्य आहे. प्रबंधाला हातात जेमतेम एक सत्र असतं. कमिटी दोन-दोन महिने बैठक घेत नाही, घेतली तर रक्ताच्या नमुन्यावर तासभर बोलते आणि मानसशास्त्राचा प्रस्ताव शेवटच्या पाच मिनिटांत उरकते. कधी उगाच त्रुटी काढते, स्पेलिंगवर अडून बसते. विद्यार्थी मग सरळ कमिटी चुकवतात. पण यावर उपाय आहे. स्वतःची कमिटी नसलेल्या संस्थेला दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करून तिच्याकडून तपासणी करून घेता येते, अशी सोय आयसीएमआरच्या तत्त्वांत आहे. शहरातल्या कॉलेजांनी मिळून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राच्या प्रस्तावांसाठी एक समाईक कमिटी नेमावी. तिच्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, एक शाळेचा समुपदेशक आणि एखाद्या मुलाची आई किंवा वडील असावेत. दर महिन्याची तारीख आधीच जाहीर असावी, आणि ती सत्राच्या सुरुवातीला धरून असावी. खरोखर किमान जोखमीचे प्रस्ताव आठवड्यात निकालात काढावेत. स्मरणशक्तीवरचे, शब्दांच्या याद्या पाठ करायचे, रंग ओळखायचे प्रयोग अडवून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. तो वाचलेला वेळ नवव्या प्रश्नावर द्यावा.

माझ्या भाचीने आणि वर्गातल्या इतर काही पालकांनी शाळेला लेखी कळवलं आहे की यापुढे कोणतीही पाहणी करायची असेल तर कमिटीच्या मान्यतेची प्रत आणि प्रश्नावली आधी पालकांना दाखवावी. इतर शाळांच्या पालकांनीही असं पत्र द्यावं. प्रश्नावलीच्या शेवटी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापलेला असावा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. तेवढ्याने संशोधकाची जबाबदारी संपत नाही, पण रात्री जागत पडलेल्या मुलाच्या हातात निदान एक नंबर राहील.

आपल्याकडे, संपादक महोदय, एक मागणं आहे. अशा पाहणीची बातमी आली की वार्ताहराने दोन गोष्टी विचारून बातमीतच छापाव्यात: कोणत्या कमिटीने मान्यता दिली होती, आणि गंभीर उत्तरं देणाऱ्यांसाठी त्याच दिवशी काय व्यवस्था होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर त्या पाहणीची टक्केवारी आपल्या अंकात छापू नये.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
सुदामानगर, इंदूर
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे.)